मामांचे बावीस गुण

सकाळी डोळे उघडल्यावर कोणी चूळ भरतो, कोणी खिडकी उघडतो, कोणी पाठ दुखते म्हणून पुन्हा आडवा होतो. आमचे मास्तर उशीजवळचा मोबाईल उचलत आणि रात्रीत कोण गेलं ते बघत.

लगेच दचकू नका. मास्तर काही काळ्या मनाचे नव्हते. वय बावन्न, पोट किंचित सुटलेलं, गळ्यात टेप आणि ओठांत टाचणी, असे सरळमार्गी शिंपी. मास्तर हे नाव दुकानानं दिलेलं. शाळेचा आणि त्यांचा संबंध आठवीतच संपला होता. दुकान नाट्यगृहाच्या मागच्या गल्लीत होतं आणि नाटकाचे कपडे शिवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. राजाचा अंगरखा असो की शिपायाचा गणवेश, अंगावर चढला की नट आपोआप ताठ उभा राहायचा. भिकाऱ्याचा सदरा तर ते असा फाडून देत, की पहिल्या रांगेतल्या माणसाचा हात खिशाकडे जावा.

या भल्या माणसाला नाद लावला तो शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्यानं. मशीनला तेल घालता घालता त्यानं मास्तरांच्या मोबाईलमध्ये एक खेळ घालून दिला. खेळाचं नाव ‘आता कोण?’ जानेवारीत प्रत्येकानं दहा प्रसिद्ध माणसांची यादी द्यायची. नट, गायक, खेळाडू, पुढारी, कोणीही चालेल. वर्षभरात त्यातलं जे कोणी मरेल त्याचे गुण मिळणार. हिशेब सोपा होता, शंभरातून वय वजा. नव्वदीचा म्हातारा गेला तर दहा, चाळिशीतला गेला तर घसघशीत साठ. बातमी सगळ्यांत आधी टाकणाऱ्याला पाच गुण वर. यात पैशाचा व्यवहार नव्हता. वर्षाअखेरी जो पहिला येई, त्याच्या नावापुढे वर्षभर एक सोनेरी मुकुट दिसे, एवढंच बक्षीस. पण दुसऱ्यांना राजा करण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला स्वतःच्या नावापुढे मुकुट हवासा वाटला तर त्यात नवल ते काय?

पहिले गुण मार्चमध्ये मिळाले. चहाच्या वेळी मास्तर मोबाईल बघत होते आणि एकदम ‘एकोणचाळीस!’ म्हणून त्यांनी टेबलावर थाप मारली. एकसष्ट वर्षांची एक गायिका गेली होती. बायकोनं काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी बातमी वाचून दाखवली. बायकोचा हात किटलीवरच थांबला. वीस वर्षं दुपारची कामं तिनं त्या बाईंच्या आवाजाच्या सोबतीनं उरकली होती. तिचे डोळे भरून आले आणि समोर नवऱ्याच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं. कशाला हसताय, असं तिनं विचारल्यावर मास्तरांनी थाप मारली, की कोणीतरी विनोद पाठवलाय. त्या दिवशी रेडिओ मात्र लागला नाही.

नागरिकहो, आपल्या घरांत असं रोज काही ना काही होत असतं. एकाच टेबलावर एक जण रडतो आणि दुसरा हातातल्या काचेकडे बघून हसतो, आणि दोघांनाही त्यात फारसं वावगं वाटेनासं होतं.

जूनअखेरपर्यंत मास्तर तीस हजार खेळाडूंत तिसरे होते. पहिला खेळाडू त्यांच्यापुढे फक्त अठरा गुणांनी होता. मशीनवाला येताजाता पाठ थोपटायचा आणि मास्तरांची छाती दोन इंच फुगायची.

अशात एके दुपारी दुकानात मामा आले.

मामा म्हणजे सगळ्या गावाचेच मामा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जुने विनोदी नट. चाळीस वर्षांपूर्वी एका नाटकात त्यांनी इरसाल मामाची भूमिका केली आणि तेच नाव त्यांना चिकटलं. रस्त्यात दिसले तरी माणसं आधीच हसायला लागायची. येत्या नोव्हेंबरात ते पाच वर्षांनी पुन्हा रंगमंचावर उभे राहणार होते, एका तऱ्हेवाईक निवृत्त न्यायाधीशाच्या भूमिकेत. त्या न्यायाधीशाचा लांब काळा कोट मास्तरांकडेच शिवायला होता आणि त्याचं माप एप्रिलमध्ये घेऊन झालं होतं.

मामांनी आत येऊन आधी दार लावलं. मग म्हणाले, माप पुन्हा घ्या. मास्तरांनी कमरेभोवती टेप लावली. एप्रिलमध्ये अडतीस होती, ती चौतीस भरली. मास्तरांना वाटलं टेप मुरगळली, म्हणून त्यांनी पुन्हा लावली. चौतीसच.

‘‘बरोबर आहे तुमची टेप,’’ मामा म्हणाले. ‘‘मे महिन्यात हवापालटाला गेलो नव्हतो मी. ऑपरेशन झालं. पोटाचा निम्मा भाग काढला. डॉक्टर हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत, बघू म्हणतात. हे बाईंना कळलं तर भूमिका दुसऱ्याला जाईल. त्यांचंही चूक नाही, वीस प्रयोग लावलेत त्यांनी. पण मला हे काम करायचंय, मास्तर. घरी बसून वाट बघणं मला जमायचं नाही.’’

बाई म्हणजे नाटकाच्या निर्मात्या. मामांना हवा होता तो उपाय साधा होता. कोटाच्या आत घालायला कापूस भरलेली एक बंडी शिवायची, म्हणजे पूर्वीचं पोट पूर्वीच्या जागी दिसेल आणि तालमीत कोणाला शंका येणार नाही. मास्तरांनी मान डोलावली. शब्द या दुकानाबाहेर जाणार नाही, असं त्यांनी आपण होऊन सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या मनातही दुसरं काही नव्हतं. मामांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरून दाबला आणि ते गेले.

खिडकीपाशी काजकाकू बसल्या होत्या. या काकू गेली तीस वर्षं दुकानात काजं करायच्या, बटणं लावायच्या. मशीनची काजं त्यांना पसंत नव्हती. आंधळ्याचे डोळे, असं म्हणायच्या त्यांना. काकूंनी सगळं ऐकलं आणि दोरा दातानं तोडून पुढच्या काजाला हात घातला.

आता मास्तरांचं दैव म्हणा की कर्म म्हणा, जुलैच्या पहिल्या आठवड्यात खेळात एक सवलत असे. यादीतलं एक नाव काढून दुसरं घालता यायचं. मास्तरांनी दोन दिवस स्वतःशी वाद घातला. नाव लिहिल्यानं काय होतं? कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही. मामांना कळणार नाही, मामांचं बिघडणार नाही. आणि शंभरातून अठ्ठ्याहत्तर गेले की उरतात बावीस. पहिल्याला गाठायला अठरा पुरे होते. तिसऱ्या दिवशी दुपारी, डबा खाऊन झाल्यावर, त्यांनी चौऱ्याण्णव वर्षांच्या एका माजी पुढाऱ्याला यादीतून काढलं आणि तिथे मामांना बसवलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ ठीक. पण खेळात सगळ्यांच्या याद्या सगळ्यांना दिसत. लोक मास्तरांची थट्टा करू लागले. मामा ठणठणीत आहेत, शिंप्याला काय कळतंय, असं कोणीसं लिहिलं. मास्तरांना शिंप्यावरून बोललेलं कधीच सहन होत नसे. तिरीमिरीत त्यांनी उत्तर टाकलं: ‘एप्रिलपासून कंबर चार इंच गेली आहे. मी स्वतः मोजली. टेप खोटं बोलत नाही.’

बघता बघता थट्टा थांबली. संध्याकाळपर्यंत दोनशे जणांनी आपापल्या यादीत मामांचं नाव घातलं. मास्तरांचा अंदाज म्हणजे दगडावरची रेघ, असं मशीनवाल्यानं लिहिलं. मास्तर त्या दिवशी शीळ वाजवत घरी गेले.

मग जुलै गेला, ऑगस्ट गेला. मास्तर सकाळी मोबाईल उघडून आधी मामांचं नाव शोधत. नसलं की पुढे सरकत. बंडी त्यांनी मात्र अगदी मन लावून शिवली होती. कापूस थरांथरांनी भरला, वरून बारीक टाके घातले, बसताना घडी पडू नये म्हणून बाजूला पट्ट्या दिल्या. एक हात बंडी शिवत होता आणि दुसरा गुण मोजत होता, आणि ही दोन्ही कामं करणारा माणूस एकच होता.

सप्टेंबरच्या मध्याला मामा कोटाच्या ट्रायलला आले. दारातूनच त्यांनी काकूंना नमस्कार केला, काहीतरी चावट बोलून त्यांना हसवलं आणि आरशासमोर उभे राहिले. आरसा तीन पानांचा, त्यामुळे उभ्या माणसाला स्वतःची पाठही दिसे आणि मागे वाकलेला शिंपीही. बंडी घातली, ती जराशी घट्ट झाली. मास्तरांनी ती उतरवून टेप लावली. पस्तीस. पुन्हा लावली. पस्तीसच. त्यांनी मान वर करून बघितलं. मामांच्या गालांवर रंग आला होता, मानेची लोंबणारी कातडी भरली होती. मामा सांगत होते, की पंधरा दिवस झाले, अन्न पचतंय. काल तर चक्क दोन वेळा जेवलो आणि डॉक्टर पहिल्यांदा हसले.

‘‘अरेरे,’’ मास्तर म्हणाले.

शब्द तोंडातून निसटला तेव्हाच त्यांचं लक्ष आरशात गेलं. मामा आरशातून त्यांच्याकडेच बघत होते. साठ वर्षं माणसांचे चेहरे वाचून पोट भरलेला तो नट, त्याच्यापासून काय लपणार? मास्तरांचा पडलेला चेहरा त्यानं बरोबर टिपला. पण कारण मात्र चुकीचं लावलं, कारण खरं कारण त्या भल्या माणसाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

‘‘माफ करा हं मास्तर,’’ मामा ओशाळून म्हणाले. ‘‘एवढी मेहनतीनं शिवलीत आणि आता उसवायला लागणार. माझ्यामुळे तुमचं काम वाढलं.’’

एक माणूस मरणाच्या दारातून इंचभर मागे सरकला होता आणि त्याबद्दल आपल्या शिंप्याची माफी मागत होता! मास्तरांच्या हातून टेप गळून पडली. काहीबाही पुटपुटत त्यांनी बंडी घेतली, दोन दिवसांत सैल करून देतो म्हणाले आणि मामांना दारापर्यंत पोचवायलाही गेले नाहीत.

मामा गेल्यावर काकूंनी हातातलं काज खाली ठेवलं आणि आरशात आपल्यालाही दिसतं, असं सांगितलं. काय भानगड आहे ते विचारलं. मास्तरांनी आधी आढेवेढे घेतले, मग सगळं सांगून टाकलं. खेळ, यादी, बावीस गुण, टेपचा निरोप, सगळं. सांगून झाल्यावर ते जरा घुश्शातच म्हणाले, ‘‘पण मी कोणाचं वाईट केलं नाही काकू. कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही.’’

‘‘गाय नाही मरत,’’ काकू म्हणाल्या. ‘‘पण रोज सकाळी उठून शाप देणाऱ्या कावळ्याचं काय होतं, ते बघितलं मी आज. तुम्ही मुळात असे नव्हता. त्या माणसाला दोन वेळचं अन्न पचलं, आणि ते ऐकून तुम्हाला वाईट वाटलं. ठरवून वाटलं नाही, आपोआप वाटलं. त्याचीच मला भीती वाटते.’’

सगळेच खेळतात, मी एकटा आहे का, असं मास्तर म्हणाले.

‘‘तीस हजारांतला प्रत्येक जण हेच म्हणत असेल,’’ काकूंनी उत्तर दिलं. ‘‘पण बाकीच्यांना मामा फोटोत दिसतात. तुम्ही त्यांना हात लावलात. आपण शिंपी माणसं, मास्तर. माणूस आपल्यासमोर सदरा काढून उभा राहतो. कोणाची पाठ वाकडी, कोणाचा खांदा उतरलेला, कोणाला कुठे गाठ, हे त्याच्या घरच्यांच्या आधी आपल्याला कळतं. उद्या त्याला नीट घालता यावं म्हणून आपण माप घेतो. तुम्ही कशासाठी घेतलंत?’’

मास्तरांनी मोबाईल काढला आणि मामांचं नाव खोडायला गेले, तर यादी डिसेंबरपर्यंत बदलता येणार नाही, असं उत्तर आलं. त्यांनी आपला तो निरोप पुसला. पण पुसून काय होणार? सव्वादोन महिन्यांत तो कुठल्या कुठे गेला होता. कोणी त्याचा फोटो काढून पाठवला होता, कोणी त्यात स्वतःची भर घातली होती. एका ठिकाणी मामांना महिनाभराचीच मुदत दिलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला बाईंचा फोन आला. त्यांनी सरळच विचारलं. मामांची कंबर चार इंच गेल्याचं सगळीकडे फिरतंय, मोजणारा शिंपी आहे म्हणे, आणि मामांचा शिंपी तुम्ही. खरं काय आहे? मास्तर तासाभरात येऊन सांगतो म्हणाले, दुकान काकूंवर सोपवलं आणि आधी मामांच्या घराची वाट धरली. ज्याचं गुपित फोडलं, त्याला आधी सांगायला हवं, इतकी बुद्धी अजून शाबूत होती.

दार मामांनीच उघडलं. हातात नाटकाची वही होती. मास्तर बसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मध्ये न थांबता शेवटापर्यंत सांगितलं. काल ‘अरेरे’ का म्हणालो तेही सांगितलं.

मामांनी विचारलं, ‘‘किती गुण होते म्हणालात माझे?’’

‘‘बावीस.’’

‘‘फक्त? आणि त्या गायिकेचे?’’

‘‘एकोणचाळीस.’’

‘‘तिचा आवाज होताच तसा,’’ असं म्हणून मामा हसले. सवयीनंच हसले. पण हसू पुरं व्हायच्या आतच विरलं आणि ते खुर्चीवर बसले.

‘‘हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, मास्तर. मुलीलासुद्धा नाही. ती लांब राहते, तिला दोन लहान मुलं आहेत, म्हटलं बरा झालो की सांगू. काल रात्री तिनं ते मोबाईलवर वाचलं. कोणी तरी हसरी चित्रं लावून तिलाच पाठवलं होतं. बाबा, तुम्ही किती दिवस आहात, असं विचारलं तिनं मला फोनवर. आणि मला विनोद सुचेना.’’

मास्तरांनी खाली मान घातली. रडू येत होतं, पण आपल्याला इथे रडायचा हक्क नाही, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी माफी मागितली. मामांनी दिली, असं म्हटलं नाही आणि दिली नाही, असंही म्हटलं नाही. पुढे काय करणार आहात, एवढंच विचारलं. बाईंना खरं सांगणार, मास्तर म्हणाले. मामांनी वही मिटली, चपला घातल्या. म्हणाले, चला, माझ्याबद्दल बोलणार असाल तर मी तिथे असलेला बरा.

बाई तालमीच्या हॉलमध्ये होत्या. त्यांनी दोघांचंही ऐकून घेतलं. मास्तरांनी काही हातचं राखलं नाही. चार इंच गेली होती ते खरं, मी ते फोडलं हा माझा विश्वासघात, आणि काल एक इंच भरून आली हेही तितकंच खरं, असं त्यांनी सांगितलं. बाई हिशेबी होत्या, पण निष्ठुर नव्हत्या. मामांनी आजार लपवला याचा त्यांना राग आला आणि तो त्यांनी बोलून दाखवला. मग बराच वेळ तारखांच्या कागदाकडे बघून त्यांनी निर्णय दिला. पहिले सहा प्रयोग मामा करतील, तेही दुपारचे. उरलेल्या चौदांसाठी दुसरा नट उभा केला जाईल. वीसचे सहा झाले होते. मास्तरांच्या चार ओळींनी चौदा प्रयोग खाल्ले होते आणि जगातली कुठलीही माफी ते परत देणार नव्हती.

बाहेर पडताना मामांनी एकच गोष्ट सांगितली. आता बंडी नको. आहे त्या अंगावर कोट बसवा.

त्या संध्याकाळी मास्तरांनी बायकोला सगळं सांगितलं, मार्चमधल्या त्या खोट्या विनोदासकट. ती म्हणाली, मला तेव्हाच कळलं होतं की विनोद नव्हता. आणि ती उठून आत गेली. त्या घरात पुढचे तीन-चार दिवस कामापुरतंच बोलणं झालं.

मास्तरांनी खेळात एक शेवटचा निरोप लिहिला. लिहायला त्यांना दीड तास लागला, कारण आठवीनंतर एवढं त्यांनी कधी लिहिलंच नव्हतं. ‘मी शिंपी आहे. माझ्यावर विश्वास ठेवून एका माणसानं माझ्याकडे माप दिलं. ते मी तुम्हाला दिलं. त्यांच्या मुलीनं ते वाचलं. मामांची तब्येत सुधारते आहे हे कळलं तेव्हा मला वाईट वाटलं. तुम्हालाही आत्ता हे वाचून वाईट वाटलं असेल, तर जरा थांबून स्वतःला विचारा, की आपण काय होऊन बसलो. मी खेळ सोडतो आहे.’ काहींनी खिल्ली उडवली. एकानं लिहिलं, बरं झालं, एक स्पर्धक कमी झाला. पण आठवड्याभरात सत्तर-ऐंशी जण खेळ सोडून गेले. मशीनवाला काही दिवस फिरकला नाही. मग एकदा येऊन मुकाट्यानं मशीनला तेल घालून गेला. त्यानं खेळ सोडला की नाही, ते मास्तरांनी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

नोव्हेंबरात पहिला प्रयोग लागला. कोटाची बटणं ऐन वेळी तुटू नयेत म्हणून मास्तर आणि काकू सुईदोरा घेऊन पडद्यामागे उभे होते. मामांची मुलगी पहिल्या रांगेत होती. पहिला अंक झकास गेला. दुसऱ्या अंकात न्यायाधीशाचं एक लांब भाषण होतं. ते अर्ध्यावर आलं आणि मामा थांबले. त्यांनी खुर्चीची पाठ धरली. बोटं पांढरी पडली होती, छाती वरखाली होत होती. प्रेक्षकांना वाटलं, काय अभिनय आहे! सगळं नाट्यगृह चिडीचूप झालं. फक्त पडद्यामागच्या माणसांना माहीत होतं, की वहीत या जागी थांबणं नाही.

मास्तरांनी काकूंचा हात घट्ट धरला. हाच माणूस, याचाच श्वास. दोन-अडीच महिने ज्याचं नाव ते रोज सकाळी शोधत होते, त्याच्या पुढच्या एका श्वासासाठी त्यांचा स्वतःचा श्वास अडकला होता. ‘‘घ्या मामा,’’ ते ओठांतल्या ओठांत म्हणत होते, ‘‘घ्या, घ्या.’’

मामांनी मान वर केली. एक श्वास घेतला, मग दुसरा. आणि त्या तऱ्हेवाईक न्यायाधीशाचं पुढचं वाक्य अशा काही नजाकतीनं फेकलं, की हसण्याच्या लाटेनं नाट्यगृह दुमदुमलं. पहिल्या रांगेत मुलगी डोळे पुसत पुसत हसत होती. पडद्यामागे बावन्न वर्षांचे मास्तर तोंडात रुमाल कोंबून लहान मुलासारखे रडत होते आणि काकू त्यांच्या पाठीवर थोपटत होत्या.

वाचकहो, ही गोष्ट तुम्हाला आणि मलाही सांगायची ती एवढ्यासाठीच. ज्याच्या मरणात आपल्याला काही मिळणार असतं, मग तो एक चित्रातला मुकुट का असेना, त्याच्या जगण्याचा आनंद आपल्याला होत नाही. माणूस प्रसिद्ध झाला म्हणून त्याचं दुखणं सार्वजनिक होत नाही. त्यालाही मुलगी असते आणि तिच्याही हातात मोबाईल असतो. खेळ म्हणून का होईना, कोणाच्या मरणाची वाट बघू नका. उद्या सकाळी बातम्या जरूर वाचा, आणि कोणी गेल्याचं दिसलं तर क्षणभर थांबून वाईट वाटू द्या. तेवढं वाटतं आहे तोवर आपण माणसांत आहोत.